जोडीदाराचं ऐकणं

धातूची पट्टी तोडण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यायचं, ही आमच्या प्रयोगशाळेची पद्धत. साध्या धातूत अणू रांगेत बसतात. आमचा धातू काचेच्या जातीचा. वितळलेला रस इतक्या झटकन गार करतात की अणूंना रांग लावायला सवडच मिळत नाही. ताण दिला की कुठेतरी मूठभर अणू अंग चोरून सरकतात, मग त्यांच्या शेजारचे. या सरकण्यांची एक बारीक रेघ जुळली की पट्टी काडकन तुटते. त्याआधीचं प्रत्येक सरकणं पट्टीला चिकटवलेल्या सेन्सरमधून ‘टिक्’ असं ऐकू येतं.

एकाच ओतीव कांडीचे तीन तुकडे होते. एक यंत्रात ताणाखाली. दुसरा तुलनेसाठी टेबलावर नुसता पडलेला. त्याला आम्ही ‘जोडीदार’ म्हणतो. तिसरा माझ्या नवऱ्याच्या नडगीत, मोडलेलं हाड सांधायला बसवलेला. तो टिकेल ना, या धास्तीनेच मी ही चाचणी लावली होती.

त्या दुपारी ताण जेमतेम होता, पण टिकटिक वाढतच चालली.

“अगं बाई, सेन्सर बघ!” माझी सहकारी हसली. तोंडाचा पट्टा थांबत नाही म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणतात. “मघापासून जोडीदाराचं ऐकतेयस तू! नवलच!”

खरंच, सेन्सर टेबलावरच्या तुकड्याला चिकटवला होता. मी कपाळावर हात मारला. मग माझं हसू ओसरलं. त्याच्यावर तर ताणच नव्हता.

रेडिओ गप्प झाली.

मी यंत्र बंद केलं. तरी टिक्, टिक्. एक रेंगाळलेलं, एक घाईचं. ही लंगडी चाल माझ्या ओळखीची होती.

मी नवऱ्याला फोन लावला. “कुठे आहेस?”

“ऑफिसचा जिना उतरतोय. का गं?”

“आहेस तिथेच बस. पायावर भार देऊ नकोस.”

“अगं, पण...”

“बस म्हणते ना!”

तो बसला. टिकटिक थांबली. माझ्या जिवात जीव आला.

“हलू नकोस. मी निघालेच.”

टिक्.

“उठलास?”

“नाही गं. पाय धरून बसलोय.”

टिक्. टिक्.

“खरं सांग.”

“शपथ. कोणीतरी खाली उतरतंय. दिसत नाही, नुसती पावलं. माझ्यासारखंच लंगडतंय.”

मी टेबलावरच्या जोडीदाराकडे पाहिलं.

“आणि ऐक ना,” तो हळूच म्हणाला, “नडगी दाबून बघतोय. आतली पट्टी हाताला लागतच नाहीये.”