बगळीच्या तोफेचं झाकण

"अरे बापा! हे झाकण होय का जातं?" इश्वर एका पायावर नाचत ओरडला.

सानगडीच्या पंचायतीपुढच्या पाणपोईवर रांजणाचं, मोडीच्या दुकानातून आणलेलं बिनमुठीचं पितळी झाकण त्याच्या हातून निसटून थेट अंगठ्यावर आदळलं होतं. त्याची मामेबहीण रुखमा एरवी खो खो हसली असती. पण ती फळ्यावरची यादी वाचत होती. परवा, महाराष्ट्र दिनाला, गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार होता. आणि तिच्या आबाजींचं, खुशालरावांचं नाव खोडलेलं!

"काहून खोडलं, सरपंचकाका?"

आनंदराव सरपंच पान चघळत हसले. "पोरी, तुया आबाजीचं जहाज लढाईच्या जहाजांले पाणी पुरवे. कावडीवाला तो! तोफा होत्या म्हणते, तर पुरावा आन!"

पाणपोईवरची माणसं फिदीफिदी हसली. रुखमाच्या अंगाची लाहीलाही झाली. ती तडक घरी आली, मागोमाग लंगडत इश्वर.

"इंग्रजांच्या काळची तोफांची बोट होती ते," आबाजी म्हणाले. "आम्ही तिले बगळी म्हणो. मंग तोफा उतरवल्या अन् पोटात पाण्याच्या टाक्या बसवल्या. तोफेच्या तोंडावरचं पितळी झाकण साहेबानं मले देल्लं. बगळा कोरला आहे त्याच्यावर. थांब, दाखवतो!"

पण पेटीत झाकण नव्हतंच! आबाजी मटकन खाटेवर बसले. रुखमाला ते पाहवेना.

दारातल्या तिच्या आईचा, चंद्रभागाबाईचा चेहरा पडला. "दिवाळीत जुनं पितळ मोडीत देऊन पाण्याचा नवा गुंड घेतला, त्यात गेलं वाटते! काळंकुट्ट होतं, मूठही नव्हती. मले वाटलं, भांड्याचंच झाकण होय!"

बिनमुठीचं झाकण! इश्वरनं आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"रांजण!" दोघं एकदमच ओरडली.

पाणपोईवर रुखमानं झाकण उलटं करून ओल्या मातीनं खसाखसा घासलं. आधी लांब चोच दिसली, मग एक पाय!

"चाल, आत्ताच दाखवू!" इश्वर म्हणाला.

"नाही. चारचौघांत हसले न? चारचौघांतच दाखवू!"

रांजणावर घरची परात झाकून त्यांनी झाकण नेलं आणि चिंच लावून लख्ख केलं.

एक मेच्या भर उन्हात पंचायतीपुढच्या मांडवात आनंदरावांचं भाषण लांबलं, घसा कोरडा पडला. "पाणी आन वं, पोरी!"

रुखमानं झाकणावर पेला ठेवून आणला. पाणी गटागटा पिऊन आनंदरावांनी पेला ठेवायला खाली पाहिलं, तर काय! समोर बगळा! केशवराव गुरुजींनी पुढे होऊन कडेची इंग्रजी अक्षरं वाचली, "तोफनौका! सन एकोणीसशे पस्तीस!"

"पुरावा मागितला होता न, काका? हे आबाजीच्या जहाजावरच्या तोफेचं झाकण! रोज त्याच्याच खालचं पाणी पिऊन राहिले तुम्ही!"

मांडवभर हशा पिकला. आनंदरावांचे कान लाल झाले, पण माणूस दिलदार. हार घेऊन ते स्वतः आबाजींकडे गेले. "चुकलो, खुशालजी! नात असावी तर अशी!"

आबाजी ताठ उभे राहिले. "दर्यात चहूकडे पाणी, पन पिण्याजोगा घोट नाही. लढाऊ जहाजं आमची वाट पाहत. तहानलेला तोफची तोफ डागन कसा?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! रुखमानंही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

"हे आता पंचायतीत काचेच्या कपाटात ठेवू," आनंदराव म्हणाले.

आबाजींनी नकारार्थी मान हलवली. रांजणाजवळ जाऊन त्यांनी परात काढली आणि बगळा वर करून झाकण ठेवलं. "बगळी तोफा सोडून पाण्याच्या कामाले लागली, तसंच हेही लागलं. राहू द्या इथंच."

मग सगळं गाव पाण्यासाठी रांगेत उभं राहिलं. सगळ्यांत पुढे इश्वर होता. झाकण मात्र त्यानं रुखमालाच उचलायला लावलं.