निळ्या फियाटवरचा पंजा

बसा रे नीट. लाइट काही तासभर येत नाही. ज्याला भीती वाटते त्याने आत्ताच घर गाठावं, नंतर मी कुणाला सोडायला येणार नाही.

पुंजाराम माझ्याच शिफ्टला होता, एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात. माणूस हेकट, पण खोटं बोलणारा नव्हे. दोन हजार तीन साल, तेरा एप्रिल, रविवार. संध्याकाळी सायकल काढून तो नाशिकरोडला गेला आणि उघडं दुकान शोधून चार वॉटर पेपर घेऊन आला. गाडीच्या रंगावर डाग राहिला, कचरा बसला, की हा कागद पाण्यात भिजवून घासायचं आणि वरून पॉलिश मारायचं. साधं काम.

गाडी जुनी फियाट, गडद निळी. पुंजारामने दिंडोरीकडच्या एका बागाईतदाराकडून घेतलेली. त्याचा ड्रायव्हर होता केरू. अकरा वर्षं त्यानेच ती चालवली. एके दिवशी इंजिन तापलं म्हणून रस्त्यात थांबला, बॉनेटवर हात टेकला आणि उभ्या उभ्या गेला. तेव्हापासून त्या जागी पंजा. पाच बोटं आणि तळवा. पुंजारामने दोनदा रंग मारून घेतला. दोन्ही वेळा रंग वाळला, की पंजा वर.

आणि दुसऱ्या दिवशी जयंती. मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो याच बॉनेटवर बसायचा होता.

मंडळाचे चिमाजी येऊन म्हणाले, "पुंजाराम, गाडी बदलू. मेलेल्याच्या पंजावर फोटो ठेवायचा म्हणजे... लोक कुजबुजतात."

"बाबासाहेबांची माणसं आपण, आणि भुताला घाबरायचं? सकाळी आठला पंजा दिसला, तर गाडी मीच मागं घेतो. नाय दिसला, तर हीच सगळ्यांच्या पुढं चालंल."

बोलून तर बसला. आता रात्रच काय ती हातात. दिवसा घासता येत नाही. आपल्या पॉवर स्टेशनची राख तुम्हाला काय सांगायची? एक कण कागदाखाली आला, की रंगावर ओरखडा. वारं पडल्यावर, अकराच्या सुमाराला त्याने वायर ओढून बल्ब लावला, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि लागला कामाला. सर्र... सर्र... निळं पाणी ओघळत होतं.

एक वाजून दहा मिनिटं. पाठ भरून आली म्हणून तो थांबला.

आवाज थांबला नाही.

सर्र... सर्र...

बॉनेटच्या पलीकडून.

तिकडे कोणी नाही. नुसतं बॉनेटवरचं पाणी हलतंय. गोल... गोल...

कुत्रं नाही. वारं नाही.

गोल... गोल...

तुम्ही असता तर किंचाळला असता. मी तर तसाच उठून स्टेशन गाठलं असतं आणि येईल त्या गाडीत बसलो असतो. पुंजारामही घाबरला, त्यानेच मला सांगितलं. पण त्याला राग आला. भुताचा नाही, त्याच्या कामाचा! गोल घासलं की उन्हात त्याचे वळ दिसतात, कितीही पॉलिश मारा.

"केरू," तो मोठ्यांदा म्हणाला, "तू असशील तर ऐक. सकाळी इथं बाबासाहेबांचा फोटो बसायचाय. हात लावायचा तर नीट लाव. गोल नको, सरळ घास. नायतर बाजूला हो, माझं मी बघतो. मी काय इथून उठणार नाय."

...

गोल फिरणारं पाणी थांबलं.

मग... सर्र. लांब. सरळ.

दोघांनी... दुसरं काय म्हणू, दोघांनीच पहाटेपर्यंत घासलं. पाच वाजता पॉलिश मारून फडकं फिरवलं, तर बॉनेटमध्ये बल्ब दिसला. पंजा नव्हता. आठला चिमाजींनी दोनदा वाकून पाहिलं, हात फिरवला आणि मुकाट्याने फोटो बसवला.

निघता निघता पुंजारामच्या बायकोने, लताबाईने विचारलं, "अहो, रात्री बरोबर कोण होतं? अडीचला खिडकीतून पाहिलं, दोघं वाकलेले दिसले. म्हणून पायरीवर दोन कप चहा ठेवला."

पुंजारामने एकच प्यायला होता. त्याचा कप पायरीवर तसाच पडला होता, तळाला साय धरलेली.

दुसरा दाराबाहेर होता. स्वच्छ धुतलेला. भिंतीच्या कडेला, उपडा घातलेला. ज्याचा कप मालकाच्या घरात वेगळा ठेवतात, तो माणूस चहा पिऊन ठेवतो तसा.

पुंजाराम बघतच राहिला. बाहेर ताशे सुरू झाले होते. त्याचे डोळे भरले, पण आवाज चढला.

"अगं, तो कप आत घे. आपल्या कपांत ठेव." मग रिकाम्या अंगणाकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "या घरात कुणाचाच कप बाहेर राहणार नाय!"