तात्या उठले का?

घनसावंगीहून निघालेल्या गच्च जीपमध्ये मधल्या सीटवर कुणीतरी अचानक बोललं.

"स्वागत आहे. पासवर्ड टाका."

आवाज जाड, सपाट, जरासा नाकातला. मागच्या दोघी बायांची कुजबुज तटकन थांबली. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं.

"कोण बोललं?"

"तात्या," यशश्री म्हणाली. मांडीवरची पिशवी तिनं लेकरासारखी पोटाशी धरली होती. "आत्ता उठले."

शेजारी बसलेला कुणीतरी हसला. मोकळं, तरणं हसू. "पिशवीत माणूस घालून आणलाय का काय?"

"लॅपटॉप आहे. त्यातला आवाज म्हणजे तात्या, पडद्यावरचं मला वाचून दाखवतात. मला दिसत न्हाई ना, म्हणून."

हसू थांबलं नाही, फक्त हळू झालं. ते तिला आवडलं. दिसत नाही म्हटल्यावर लोकांचं हसू कसं पायरी चुकल्यासारखं पडतं, ते तिला ठाऊक होतं. याचं पडलं नाही.

"मंग एवढा वेळ झोपले होते व्हय तात्या?"

"ते तर दुखणं आहे." यशश्रीनं उसासा टाकला. बटन दाबून चहा ठेवावा, चहा प्यावा, कप धुवावा, तरी तात्यांची झोप सरत नसे. आज घनसावंगीच्या दुकानात दाखवायला नेलं, तर दुकानदार थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, नवीन घ्या. तिनं झाकण लावून पिशवीत घातलं. झाकण लावलं तरी आतल्या आत चालत राहायची त्या लॅपटॉपची आणखी एक खोड होती. आता अर्ध्या वाटेत तात्यांना जाग आली होती.

"मी कल्याण," शेजारचा म्हणाला. "कुंभार पिंपळगावात स्टँडमागं दुकान टाकलंय. कम्प्युटर, मोबाईल दुरुस्ती. द्या माझ्याकडं. सांजच्याला घोड्यावानी पळवतो का न्हाई बघा."

यशश्रीनं पिशवी आणखी घट्ट धरली. लॅपटॉप देणं म्हणजे... आपला आवाजच काढून परक्याच्या हातात ठेवणं. पण उद्या अकराला परीक्षा होती. एका कंपनीचं घरबसल्या काम, लोकांच्या तक्रारींना मराठीतून लेखी उत्तरं द्यायची. कामात ती कुठंच कमी नव्हती. तरी मागं दोनदा बाद झाली होती, कारण वेळ झाली तरी तात्या उठले नव्हते. कंपनीनं कळवलं होतं, ही शेवटची संधी.

"उद्या माझी परीक्षा आहे," ती म्हणाली. "खेळ न्हाई."

"म्हणून तर म्हणतोय. द्या."

पिंपळगावच्या वेशीजवळ उतरताना तिनं पिशवी पुढं केली. पट्टा घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. मोसंबीच्या सालीचा वास आला. कडूगोड, ताजा. घरी पोचेपर्यंत तो वास तिच्या हाताला होता, आणि हात धुवायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.

*

संध्याकाळी बाजारातून येताना आईनं, कौसल्याबाईंनी, लॅपटॉप आणला. "तुझा तो दुकानवाला म्हणला, आता बिलकुल वाट बघावी लागणार न्हाई."

"माझा कुठला?"

"बरं, गावाचा."

यशश्रीनं बटन दाबलं. पंखा घुरघुरला. ती थांबली. आत खट् खट् झालं, मग तेही थांबलं. तात्या बोलले नाहीत.

तात्यांना हाक मारायची तीन बटनांची एक खूण होती. ती तिनं दाबली. परत दाबली. अंदाजानं पासवर्ड टाकला, परत खूण दाबली. मग भीतीनं जे हाताला लागेल ते. बंद केलं, चालू केलं. लॅपटॉप गरम होत होता आणि गप्प होता. दिसणाऱ्या माणसाला अंधार जसा लागत असेल, तसं तिला ते गप्प राहणं लागलं. खोल... आणि चारी बाजूंनी.

तिनं कल्याणला फोन लावला.

"आं? चालू हुयाला पाहिजे," कल्याण म्हणाला. "माझ्याकडं तर चुटकीसरशी झालं. बरं, पडद्यावर काय दिसून राह्यलंय?"

यशश्रीनं फोन कानापासून जरा लांब धरला.

"म्याडम? काय दिसतंय?"

"मला काय दिसतंय ते मी तुम्हाला सांगू?"

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "चुकलो."

"चुकलात तर या आणि नीट करा. सकाळी. परीक्षा माझी जाईल, तुमचं काय?"

तिनं फोन उशीवर आदळला. राग होता. आणि रागाच्या खाली, सालीच्या आतल्या पांढऱ्या पापुद्र्यासारखं, आणखी काहीतरी होतं... तो येईल ना?

*

तो आला. उसाचे दिवस, थंडी हाडात शिरणारी, आणि आठ वाजायच्या आत दारात मोसंबीचा वास.

"मावशी, बागेतली आणलीत," तो आईला म्हणाला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, यशश्रीपासून हातभर अंतरावर. "बसू?"

"बसलात की. आता तुम्हीच तात्या. पडद्यावर जे असंल ते वाचायचं. गाळायचं न्हाई."

"निळा पडदा हाय. मधी तुमचं नाव. खाली पासवर्डाचा चौकोन."

"एवढंच?"

"कोपऱ्यात बारीक कायतरी..."

"तात्या बारीक म्हणून सोडत न्हाईत."

कल्याण खाकरला आणि नाकातून, सपाट, लांबवत म्हणाला, "भा-षा. बटन. इं-टर-नेट. बटन."

यशश्रीला हसायचं नव्हतं. तिनं ओठ दाबून धरले, तरी गालाला कळलंच. तिनं पासवर्ड टाकायला बोटं उचलली.

"टाका. मी तिकडं बघून राह्यलो."

तिला ते कळलं होतं. त्याचा आवाज भिंतीकडून आला होता. जिला दिसत नाही अशा मुलीपुढं कोण मान वळवतं? हा वळवत होता. तिची बोटं एक अक्षर चुकली, परत टाकावं लागलं.

"उघडलं," तो म्हणाला. "घोड्यावानी उघडलं."

"घोडा मुका आहे."

"तेच कळंना गेलंय." तो वाकून बघत होता. मग त्याची खुर्ची हळूच मागं सरकली. "यशश्री... मी एक सांगू? ओरडू नका."

"सांगा."

"बटन दाबलं की पंधरा-वीस जण, म्हंजी प्रोग्राम, एकदम उठतात हो ह्याच्यात. सगळ्यांची दारात गर्दी. म्हणून उशीर लागत होता. मी ती यादी उघडली, आणि ज्याचं नाव ओळखीचं दिसंना त्याला झोपवलं. सरसकट." त्याचा आवाज आणखी खाली गेला. "त्यात तात्या होते."

"काय?"

"मला वाटलं, आवाज ह्याचा स्वतःचाच हाय. आन् पडद्यावर चित्रांचा पसारा होता, तो बी झाडून टाकला. तुमची ती हाक मारायची खूण असल्याच एका चित्राला बांधलेली असंल. चित्र गेलं, खूण बी गेली."

यशश्री त्याच्याकडं वळली. "म्हणजे घर पळावं म्हणून तुम्ही घरातल्या म्हाताऱ्यालाच बाहेर काढलं."

"वर त्यांची काठी बी फेकली," कल्याण म्हणाला.

आता मात्र तिला राहवलं नाही. ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण घड्याळ पुढं पळत होतं.

मग दोघं लागले. ती सांगे, कुठं जायचं, काय शोधायचं. तो वाची, दाबी, परत वाची. तात्यांना यादीत परत घेतलं, त्यांची खूण बांधली. "एवढ्यानं भागत न्हाई," ती म्हणाली, "पासवर्डाच्या पडद्यावर पण ते उठले पाहिजेत, न्हाईतर दारातच अडकते मी. त्याची वेगळी परवानगी असती. ती पण गेली असंल." ती परवानगी त्याला बारीक अक्षरांत, सगळ्यात खाली सापडली.

"बंद करून चालू करतो. आन् एक मागणं हाय." तो थांबला. "आवाज येईस्तोवर कशालाच हात लावू नका. काल घाबरून तुम्ही किती बटनं दाबली?"

"मोजली न्हाईत."

"ते बिचारं तेवढ्यांदा उठायला बघतं. हात मांडीवर ठेवा. तेवढा भरवसा टाका."

"कुणावर? तात्यांवर?"

"तात्यांवर..." तो म्हणाला, आणि पुढचं नाव त्यानं घेतलं नाही.

पंखा घुरघुरला. यशश्रीनं हात मांडीवर ठेवले. एक श्वास... दुसरा...

"स्वागत आहे. पासवर्ड टाका."

तिनं तोंडावर ओढणी धरली. कल्याणनं मोठ्यानं टाळी वाजवली आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "उठले का तात्या?"

*

परीक्षेचे नियम कडक होते. एक कॅमेरा लॅपटॉपचा, दुसरा बाजूला ठेवलेल्या मोबाईलचा. खोलीत दुसरं कुणी नको. दुसऱ्या माणसाचा आवाज आला की बाद. कल्याण काही न बोलता बाहेर गेला.

ती भराभरा उत्तरं लिहू लागली. तात्या वाचत होते, बोटं धावत होती. तेवढ्यात लांबून उसाचा ट्रॅक्टर येताना ऐकू आला, दोन ट्रॉल्या आणि वर कर्ण्यावर गाणं, खिडक्या हलवणारं. आता तात्यांचा शब्द ऐकू यायचा नाही. गाणं वळणाशी आलं... आणि कापल्यासारखं बंद झालं. ट्रॅक्टर मुकाट्यानं घरापुढून गेला. थोड्या वेळानं दुसरा आला. त्याचंही गाणं वळणाशीच विझलं.

यशश्रीची बोटं क्षणभर थांबली. वळणावर कोण उभं होतं, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटचे दोन प्रश्न उरले होते, आणि लाईट गेली. नुसती पापणी लवल्यासारखी गेली आणि आली. पण लॅपटॉपची जुनी बॅटरी काल जीपमध्ये उतरली ती परत भरलीच नव्हती. पंखा थांबला. तात्या वाक्याच्या मधोमध गेले.

मोबाईलमधून परीक्षक बाईंचा आवाज आला. "मॅडम, आपला संगणक बंद झाला आहे. दहा मिनिटांत परत जोडला नाहीत तर परीक्षा संपेल. खोलीत कुणी यायला नको."

तिनं बटन दाबलं. पंखा घुरघुरला.

बाहेर चपला धावत आल्या. अंगण, ओटा... आणि उंबऱ्याशी थबकल्या. तो तिथं होता. त्याचा धापणारा श्वास तिला ऐकू येत होता. त्याला तिथून पडदा दिसत असेल, काय चाललंय ते कळत असेल. एक शब्द बोलला असता तर तिचा जीव भांड्यात पडला असता. आणि परीक्षाही गेली असती.

तिची बोटं आपोआप बटनांकडं गेली. एकदा खूण दाबून बघावी... फक्त एकदाच. काल रात्रीचं ते गप्प राहणं परत चारी बाजूंनी गोळा होत होतं.

हात मांडीवर ठेवा.

तिनं हात ओढून घेतले, एकात एक गुंफले, घट्ट. उंबऱ्यावरचा श्वासही थांबला होता. दोघंही एकाच आवाजाची वाट बघत होते, मधे एक उंबरा ठेवून.

"स्वागत आहे," तात्या म्हणाले. "पासवर्ड टाका."

*

निकाल लगेच आला. तात्यांनी तो मोसंबीचा भाव सांगावा तसा सपाट वाचला. "अभिनंदन. आपली निवड झाली आहे. ठीक आहे. बटन."

मोबाईल बंद करून तिनं हाक मारली, "या आत. आता बोलायला हरकत न्हाई."

तो आत आला, पण बोलेना. सकाळपासून चुरूचुरू चाललेलं तोंड एकदम बंद. स्वयंपाकघरात आई तांदूळ निवडत होती. लग्नघरी जात्यावर ओव्या म्हणायला तिला बोलावणी यायची. मनात आलं की ती जागीच जुळवायची. आता तिनं मुद्दाम गळा मोकळा सोडला,

"माझ्या गं घरामंदी, एक तात्या बोलायाला,
दुसरा गं कोण आला, मुका उभा ऐकायाला?"

"आई!" यशश्री ओरडली. कानाच्या पाळ्या तापल्या.

कल्याणनं घसा खाकरला. परत खाकरला. खुर्ची थोडी जवळ आली.

यशश्रीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. कशालाच हात लावायचा नव्हता. घाई करायची नव्हती. आवाज येणार होता.

"ती यादी..." तो शेवटी म्हणाला. "बटन दाबल्यावर आपोआप कोण कोण उठायचं ती. तिच्यात तात्यांच्या खाली एखादी जागा... म्हणजे रोज सकाळी... मला मिळंल का?"

बाहेर वळणावरून एक ट्रॅक्टर पूर्ण गळ्यानं गात गेला. यशश्रीनं तो जाऊ दिला.

"मला न विचारता काही काढून टाकशील?" तिनं विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, ते तिलाही कळलं नाही.

"बिलकुल न्हाई. कानाला खडा."

तिनं हात पुढं केला. तो हवेत फार वेळ राहिला नाही. मोसंबीचा वास तिच्या तळव्यात आला आणि या वेळी तिथंच थांबला.

"मंग घातलं तुझं नाव," ती म्हणाली.