अकरा कॅन कुठे गेले?

“सदतीस... अडतीस... एकोणचाळीस... आणि खलास!” क्षितिज ओरडला.

टँकरच्या तोटीतून शेवटची धार आली, घुटमळली आणि थांबली. चाळिसावा कॅन तिच्याखाली कोरडाच राहिला. त्याच्यामागे आणखी दहा कोरडे कॅन रांगेत होते, आणि रांगेच्या अगदी टोकाला रुपीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“आजबी माह्या घरी ठणठणाट! सहा दिवस झाले, श्रावण. तुह्या टँकरले भोकं पडले काय?”

“मले समजलं असतं त् सांगितलं नसतं काय, मावशी?” ट्रॅक्टरवर बसलेला श्रावण मान खाली घालून म्हणाला.

आठवीत जाणारी मिताली आणि सातवीत जाणारा तिचा भाऊ क्षितिज उन्हाळ्याच्या सुटीत यवतमाळहून सावरखुटीला आजोबांकडे आले होते. ढाणकीच्या रस्त्यावरचे हे गाव आणि गावापासून दोन किलोमीटरवरचा तांडा, या दोहोंच्या विहिरी मे महिन्यात आटल्या होत्या. शिवारातल्या बोअरवर चार हजार लिटरचा टँकर भरायचा, त्यातले पाऊण पाणी गावाच्या टाकीत सोडायचे आणि उरलेले पाव तांड्याला न्यायचे, असे ठरले होते. पाव टँकर म्हणजे एक हजार लिटर. वीस लिटरचे बरोबर पन्नास कॅन. तांड्यात घरे पंचवीस. प्रत्येक घराला दोन कॅन. हिशेबात कुठेही खोट नव्हती. खोट होती ती पाण्यात!

वाटणीवरून तंटा नको म्हणून आजोबांनी स्वतः एक काठी तयार केली होती. नरहर आजोबा म्हणजे निवृत्त बडेबाबू, कचेरीतले मुख्य कारकून, आणि गावाच्या पाणी समितीचे अध्यक्ष. टँकरच्या पोटाच्या उंचीएवढी, एकशेवीस सेंटिमीटरची ती सागवानी काठी त्यांनी तीस-तीस सेंटिमीटरवर तांबड्या रेघा ओढून चार भागांत विभागली होती. गावात पाणी सुटू लागले की ते टँकरवर चढत, काठी आत बुडवत आणि ती फक्त सर्वांत खालच्या रेघेपर्यंत भिजली की तोटी बंद करवत.

“काठी खोटे बोलत नाही,” त्या दिवशी तांड्यावर येऊन आजोबांनी सर्वांसमोर सांगितले. “माझ्या डोळ्यांदेखत पाव टँकर गावातून निघतो. इथे कमी पोहोचतो. वाटेत वीटभट्टी आहे आणि विटांना पाणी लागते. श्रावण, परवा सकाळी समितीची बैठक आहे. तोवर खरे काय ते सांग. नाहीतर टँकर दुसऱ्याच्या हाती जाईल.”

“बाबूजी, मी काहून पानी विकू? रांगेत माह्या घरचाबी कॅन रायते!”

आजोबा पाठ फिरवून निघून गेले. श्रावणची दहा वर्षांची मुलगी मोनाली गणिताची वही छातीशी धरून रडू लागली. “ताई, माह्या बाले चोर म्हनून राह्यले!”

“रडू नको,” मिताली म्हणाली. “परवापर्यंत दोन दिवस आहेत. चोर असेल तर पकडू, आणि नसेल तर तेही सिद्ध करू!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे सायकली घेऊन गावच्या टाकीपाशी दबा धरून बसले. तीन हजार लिटरची काळी टाकी टँकरच्या पाण्याने भरत होती. आजोबांनी काठी बुडवली, पाहिली आणि हात वर केला. तोटी बंद झाली. श्रावणने ट्रॅक्टर हाकला आणि क्षितिजने त्यामागे सायकल दामटली. ती थेट टाकीखालच्या चिखलात घसरली!

“अरे, म्हशीने अडवलं मला!” चिखलाने माखलेला क्षितिज करवादला. एक म्हैस तिथे डोळे मिटून लोळत होती.

“म्हशीनं तुला नाही, तू म्हशीला अडवलंस. ऊठ लवकर! टँकर निघाला!”

दोन किलोमीटर त्यांनी टँकरवरची नजर ढळू दिली नाही. वीटभट्टीपाशी श्रावणने वेगसुद्धा कमी केला नाही. वाटेत एक थेंबही गळला नाही. तांड्यावर मोजणी झाली आणि कॅन भरले पुन्हा एकोणचाळीसच!

“म्हणजे चोर नाही आणि गळतीही नाही,” मिताली कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. “मग पाणी हवेत उडतं का?”

“आता माझं डोकं चालत नाही,” क्षितिज म्हणाला. “पोटात काही गेलं तर चालेल.”

रुपीबाईने शेजारून उसन्या आणलेल्या पाण्यात पीठ मळून ज्वारीची एक भाकरी थापली होती. तीच तिने मुलांपुढे ठेवली. मोनालीच्या घराच्या सावलीत सगळे बसले. मोनालीने निमूटपणे वही उघडली. शाळेतल्या बाईंनी सुटीसाठी अपूर्णांक दिले होते: वर्तुळाचे चार समान भाग करा आणि एक भाग रंगवा. चौकटींच्या कागदावर तिने बारा घरे रुंदीचे वर्तुळ काढले होते आणि तीन-तीन घरे सोडून तीन आडव्या रेघा मारल्या होत्या.

“हे चुकलं, मोनाली.”

“कसं काय चुकलं? मोजपट्टीनं मोजलं, ताई! चारी भाग तीन-तीन घरांचे हाय.”

मितालीने वाद घातला नाही. तिने सुरी घेतली, भाकरीवर मोजपट्टी ठेवली आणि मोनालीच्या आकृतीप्रमाणेच समान रुंदीच्या चार पट्ट्या कापल्या. कडेची एक पट्टी तिने क्षितिजपुढे सरकवली आणि मधली आपण घेतली.

“हे काय? ही पाव भाकरी?” क्षितिज उसळला. “ही तर नुसती कड आहे! तुझ्या तुकड्यात माझ्यासारखे दीड तुकडे बसतील!”

“ऐकलंस, मोनाली? रुंदी सारखी असली म्हणजे भाग सारखा होतो असं नाही. वर्तुळ कडेला निमुळतं होतं. चार समान भाग हवेत तर दोन रेघा मध्यबिंदूतून एकमेकींना काटकोनात छेदायला हव्यात.”

पण मोनालीचे लक्ष भाकरीवर नव्हते. ती अंगणात उभ्या असलेल्या टँकरच्या गोल पाठीकडे टक लावून पाहत होती. तिने ते गोल पाहिले, वही पाहिली, पुन्हा ते गोल पाहिले.

“ताई!” ती किंचाळली. “टँकरबी गोलच हाय न्! आडवा पडलेला! आन् बाबूजीच्या काठीवरच्या रेघा म्हंजे माह्याच रेघा होय!”

 क्षितिजच्या हातून ती वादग्रस्त कड गळून पडली.

मितालीने वही ओढून घेतली. तिघे मिळून घरे मोजू लागले. अर्धवट घरांच्या जोड्या लावल्या, दोनदा पडताळा घेतला. पूर्ण वर्तुळात घरे भरली एकशे तेरा. त्यांचा पाव हिस्सा अठ्ठावीसहून थोडा जास्त. आणि खालच्या रेघेखाली घरे होती फक्त बावीस! अठ्ठावीस घरे भरायला रेघ तीन घरांवर नव्हे, साडेतीनहून किंचित वर, म्हणजे तीन पूर्णांक सहा दशांशावर यायला हवी होती.

“बारा घरं म्हणजे एकशेवीस सेंटिमीटर,” मिताली म्हणाली. “खरी खूण तीसवर नाही, छत्तीसवर हवी!”

“पण मग रोजचे ते अकरा कॅन जातात कुठे?” क्षितिजने विचारले आणि आपल्याच चिखलाने भरलेल्या चड्डीकडे पाहून तो ताडकन उभा राहिला. “म्हैस! गावची टाकी तीन हजारांची आहे. तिच्यात रोज जास्त पाणी ओतलं जातं. ती वाहते आणि खाली चिखल होतो! आजोबा मात्र म्हणतात, झाकण नीट बसत नाही म्हणून पाणी सांडतं!”

“तुह्यावाली म्हैस साक्षीदार हाय म्हन!” मोनाली दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

आता प्रश्न एकच होता: आजोबांना पटवायचे कसे? नातवंडांचे कागद पाहून स्वतःची काठी बदलणाऱ्यांपैकी ते नव्हते. पण संध्याकाळचे जेवण संपवताना ते न चुकता म्हणत, “आता पावच भाकरी वाढा.” त्या संध्याकाळी वाढायला मिताली पुढे झाली आणि तिने कडेची एक पट्टी त्यांच्या ताटात ठेवली.

आजोबांनी चष्मा सरळ केला. “हे काय?”

“पाव भाकरी, आजोबा.”

“याला पाव म्हणतात? शाळेत काय शिकवतात तुम्हाला? हा पाचवा हिस्सासुद्धा भरणार नाही!”

“भाकरीचे समान रुंदीचे चार भाग केले. हा सगळ्यांत खालचा.”

“मूर्खपणा! गोल वस्तूचे असे भाग...” आजोबांचा हात घासासह हवेतच थांबला.

“तुमच्याच काठीच्या मापाने कापली,” मिताली हळूच म्हणाली.

 मितालीने मोनालीकडून आणलेली वही पुढे केली आणि त्यांनी एकशे तेरा घरे स्वतः बोट ठेवून मोजली. “कागद कागद आहे,” शेवटी ते म्हणाले. “उद्या बैठकीपूर्वी पाण्यावर सिद्ध करा. सिद्ध झाले तर मी मानेन. नाही झाले तर बैठक ठरल्याप्रमाणे होईल.”

सकाळी त्यांनीच काठीवर छत्तीस सेंटिमीटरवर निळी रेघ ओढली. काठी फक्त निळ्या रेघेपर्यंत भिजली, तेव्हा तोटी बंद झाली. गावची टाकी काठोकाठ भरली होती. पण थेंबही सांडला नाही. म्हैस कोरड्या जमिनीवर उभी राहून नाराजीने हंबरली!

तांड्यावर समितीचे सगळे सभासद आले. रांग लागली. श्रावणने तोटी उघडली आणि सगळा तांडा मोजू लागला. “सदतीस! अडतीस! एकोणचाळीस!”

मोनालीने बापाचा सदरा घट्ट धरला.  चाळिसावा कॅन तोटीखाली सरकला.

धार थांबली नाही!

“चाळीस!” मोनाली ओरडली. “एकेचाळीस!” आता तर मुले नाचूच लागली. पंचेचाळीस झाले, अठ्ठेचाळीस झाले, आणि रुपीबाईचे दोन्ही कॅन काठोकाठ भरले. “पन्नास!” त्यावर लोटाभर पाणी आणखी निघाले, ते रुपीबाईने तिथेच श्रावणला प्यायला दिले.

आजोबा पुढे आले. ताठ उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “श्रावण, चूक काठीची होती आणि काठी मी केली होती. तपास न करता मी तुला सर्वांदेखत चोर ठरवले; म्हणून सर्वांदेखतच क्षमा मागतो. टँकर तुझ्याच हाती राहील.”

 श्रावणने हात जोडले आणि मोनालीला उचलून खांद्यावर घेतले.

“या तीन मुलांनी जे केले ते आमच्या समितीला सुचायला हवे होते,” आजोबा म्हणाले. मोनाली खोडरबर काढून वहीतल्या आडव्या रेघा पुसू पाहत होती. त्यांनी तिचा हात धरला. “नको! ही आकृती अशीच राहू दे. शेजारी बरोबर आकृती काढ. बाईंना दोन्ही दाखव आणि सांग, पहिलीने बडेबाबूंना शहाणे केले.”

एवढ्यात रुपीबाई गरम भाकऱ्यांची टोपली घेऊन आली. आज पीठ मळायला तिच्या घरचे पाणी होते. “बाबूजी, बसा. अर्धी देऊ का पाव?”

“पाव,” आजोबा म्हणाले आणि घाईघाईने पुढे म्हणाले, “पण कापेल मोनाली!”

मोनालीने सुरी घेतली. जीभ दातांत धरून तिने आधी भाकरीचा नेमका मध्य शोधला.