पडसादाचं दालन

सहलीची बस वेळेवर निघाली याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य गाईडलाच वाटलेलं दिसलं. त्याने माइक फुंकून पाहिला आणि दिवसाचा बेत सांगितला. आधी टेकडीवरचा किल्ला, मग कड्याकडेचा रस्ता, जेवण आणि शेवटी समुद्रातला किल्ला.

"चढताना नवरा-बायकोची जी भांडणं होतील, ती उतरताना मिटवून घ्यायची. बसमध्ये आणायची नाहीत," तो म्हणाला, आणि पुढच्या बाकावरच्या नव्या जोडप्याकडे बघून सगळी बस हसली.

सासूबाईही हसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास आणि सोललेली संत्री, आणि खिडकीची जागा. सुनेला वाटलं, आज जमेल. आज सांगून टाकू.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून माणसांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावायची. नसलेलं अक्षर माणूस किती खात्रीने वाचतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. त्याच दुकानात मागच्या बाजूला काचा घासणारा एक माणूस होता, अबोल आणि नीटनेटका. त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. तिच्या मनात नकार नव्हता. पण घरी सासूबाई होत्या, आणि सासूबाईंच्या लेखी त्यांचा मुलगा अजून कामावर गेलेला होता.

मुलगा गवंडी होता. जुन्या भिंतींची डागडुजी करायचा, जुन्या पद्धतीने चुना मळून. समुद्रातल्या किल्ल्याचं काम चालू असताना एका दुपारी लाट आली आणि तो उभा होता ती परांचीच घेऊन गेली. बाकीचे वर आले. तो सापडला नाही. त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

"सापडला नाही म्हणजे गेला, असं नाही," सासूबाई म्हणायच्या. आवाज चढवून नाही. त्यांचा आवाज कधी चढतच नसे. पहाटे देवापुढे बसायच्या, उठताना त्याच्यासाठी काहीतरी पुटपुटायच्या आणि कामाला लागायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की त्या सकाळी बाहेर पडताना तो 'येतो' म्हणाला होता. "जातो म्हणाला असता, तर मीही मन घट्ट केलं असतं."

सगळेच 'येतो' म्हणतात. घरातून निघताना 'जातो' म्हणतं कोण? पण हे सुनेने कधी तोंडावर आणलं नव्हतं. आणि सहलीचं नाव सासूबाईंनीच काढलं, तेव्हाही तिने कारण विचारलं नव्हतं.

टेकडीवरच्या किल्ल्यात बघण्यासारखं फार नव्हतं. गवत वाढलेलं पटांगण, छप्पर नसलेली कोठारं, तटावर ऊन खात पडलेलं मांजर. दोघी बुरुजाच्या सावलीत बसल्या. सुनेने संत्र्याची फोड हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"खा की," सासूबाई म्हणाल्या. "फोडीशी बोलणार आहेस की माझ्याशी?"

"आई, मला तुम्हाला एक..."

"माहीत आहे मला. तुझ्या दुकानातला तो. चष्मा बदलायला आले होते तेव्हा बघितलंय. तुझ्याकडे बघायचं नाही म्हणून बिचारा सारखा माझ्याकडे बघत होता." त्या थोडं हसल्या. मग म्हणाल्या, "इथे नको. पाण्यातल्या किल्ल्यावर बोलू. माझ्या लेकासमोर."

सुनेने फोड तोंडात टाकली.

कड्याकडेच्या रस्त्याला बस हळू चालत होती. खाली समुद्र शिशासारखा जड दिसत होता. खडकांना टेकला की तेवढा पांढरा होई आणि पुन्हा काळा. लोक फोटो काढत होते. सासूबाईंनी एकदाच बाहेर पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते.

समुद्रातल्या किल्ल्यात जायला ओहोटीला उघडी पडणारी दगडी वाट होती. शेवाळाने निसरडी, दोन माणसं शेजारीशेजारी जातील एवढीच रुंद. "पाणी वळायच्या आत परत यायचं," गाईड म्हणाला. यावेळी त्याने विनोद केला नाही.

दरवाजातून आत शिरताच सुनेला वास आला. ओल्या चुन्याचा वास. नवरा घरी आला की त्याच्या कपड्यांना, केसांना यायचा तो. तिने मनाला समजावलं, जुन्या भिंती आहेत, समुद्राची हवा आहे, यायचाच. पण पुढच्या वळणावर भिंतीचा एक तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा गडद दिसला. गिलाव्याचा हात तिथे वरपासून अर्ध्यावर आला होता आणि थांबला होता. तिने बोट लावलं. बोट आत रुतलं.

"हात नका लावू, ताई," गाईड म्हणाला. "काम बंद पडलं ना मध्ये, तेव्हापासूनचं आहे ते. वाळतच नाही. आमच्या साहेबांनी माणसं आणून दाखवलं. खारी हवा म्हणाले."

सुनेने बोट रुमालाला पुसलं. सासूबाई त्या भिंतीपुढे जरा वेळ उभ्या राहिल्या. हात मात्र लावला नाही. एखादं मूल झोपलेलं असावं, तसं नुसतं बघितलं.

पडसादाचं दालन सगळ्यांत आत होतं. उंच घुमट, एकच दार, समुद्राच्या बाजूला माणसाचं डोकं मावणार नाही असा झरोका. "इथे बोललेलं काही वाया जात नाही," गाईड म्हणाला आणि जोरात ओरडला, "कोण आहे?"

"आहे... आहे..." दालन म्हणालं.

लोक खूश झाले. नव्या जोडप्यातली मुलगी लाजत म्हणाली, "मी आले," आणि 'आले' परत आलं. तिच्या नवऱ्याने शिट्टी मारली, तीही आली. मग सगळे तटावरून समुद्र बघायला गेले, आणि दालनात दोघीच राहिल्या.

"आई, मला त्याच्याशी लग्न करायचंय," सून म्हणाली. इतक्या हळू, की ते भिंतीपर्यंत पोचू नये. "तुम्हाला सोडायचं नाहीये मला. पण तुम्ही हो म्हणाल्याशिवाय माझ्याच्याने पाऊल उचलवणार नाही."

सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी एकदा हाक मारते," त्या म्हणाल्या. "त्याने ओ दिली, तर आपण दोघी वाट बघू. नाही दिली, तर तू मोकळी. मग मी अडवणार नाही."

"इथे आवाज घुमतो, आई. ओ येणारच."

"माझा आवाज मला कळतो ग."

त्यांनी हाक मारली. घरी जेवायला बोलवायच्या तशी, त्याच्या लहानपणच्या नावाने.

काहीच आलं नाही. ओ नाही, आणि पडसादही नाही. शिट्टीसुद्धा परत देणारं ते दालन गप्प राहिलं. झरोक्यातून लाटेचा आवाजही येईनासा झाला. सुनेला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी पदर सारखा केला, दाराकडे वळल्या आणि तीन वर्षांपूर्वी घेता आला नव्हता तो निरोप घेतला. जन्मभराच्या सवयीने म्हणाल्या, "बरं. येते हं रे."

त्या उंबऱ्याबाहेर पडल्या. तिथे वारा होता.

सून अजून आत होती.

"येतो," दालन म्हणालं.

'ये' लांबवलेला, 'तो' घाईत टाकलेला. एका हाताने बूट चढवता चढवता तो म्हणायचा, तसा.

ती हलली नाही. घुमटात स्वर बदलतात, तिने मनाशी म्हटलं. 'ते'चा 'तो' व्हायला कितीसा वेळ लागतो? नसलेली अक्षरं माणसं वाचतात, तशीच ऐकतही असतील.

सासूबाई थांबल्या नव्हत्या. त्यांची पाठ वळणापर्यंत गेली होती.

"काय झालं ग?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही. पाय घसरला."

"जपून ये." मग जरा वेळाने, तशाच पाठमोऱ्या, "नाही बोलला ना तो. तू मोकळी झालीस, पोरी. कर लग्न."

त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. सुनेने त्यांचा हात धरला आणि दगडी वाटेपर्यंत सोडला नाही. सांगावं असं तिला तीनदा वाटलं. प्रत्येक वेळी तो दुकानातला माणूस डोळ्यांपुढे आला, काचा उजेडात धरून बघणारा, आणि तिने ओठ मिटून घेतले.

वाटेवर पाणी चढायला लागलं होतं. सगळ्यांत शेवटी या दोघीच होत्या. काठावर गाईड त्यांच्या खांद्यांवरून मागे बघत उभा होता.

"तुमच्याबरोबरचे कुठे राहिले?"

"आम्ही दोघीच आहोत," सून म्हणाली.

त्याने पुन्हा एकदा मागे पाहिलं. मग बसच्या दाराशी गेला आणि सगळे चढल्यावरही ते थोडा वेळ उघडं धरून उभा राहिला.

परतताना दिवे लागले होते. नवं जोडपं एकमेकांच्या खांद्यावर झोपलं होतं. सासूबाई खिडकीशी, सून मधल्या वाटेकडे. तिने डोळे मिटून घेतले. झोप लागणार नव्हती, पण बोलायचं तरी टळेल. उद्या दुकानात गेल्यावर त्याला काय सांगायचं, ते ती मनात जुळवत होती.

"हळू," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने ऐकलं. त्या खिडकीकडे तोंड करून बोलत नव्हत्या. आवाज तिच्या डोक्यावरून जात होता, मधल्या वाटेकडे.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

बस वळणावर कलली. कोणीतरी आधाराला तिच्या बाकाची दांडी धरावी, तशी ती दांडी करकरली.

"ऐकलं रे मी. ऐकूनच तर पुढे निघून आले. तिला कळू दिलं नाही." सासूबाई थांबल्या. समोरच्याचं बोलणं पुरं व्हावं म्हणून थांबतात, तेवढ्या. "असं करू नकोस. मी आहे ना घरी. तिला जाऊ दे."

पुन्हा थांबल्या. यावेळी पुष्कळ वेळ.

सुनेच्या हातावर सासूबाईंचा हात आला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तूच उठव तिला."