तिसऱ्या खोलीतली दीड डिग्री

पांढुर्ण्याजवळच्या एका संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सेन्सर तपासायला गेलो होतो. काम साधं. थर्मासमधल्या कुटलेल्या बर्फात सेन्सर बुडवायचा. आकडा शून्यावर आला तर सेन्सर खरा. नाहीतर जेवढी चूक तेवढी दुरुस्ती मशीनमध्ये भरायची.

तिसऱ्या खोलीचा सेन्सर इतर खोल्यांपेक्षा दीड डिग्री जास्त दाखवत होता. बर्फात मात्र बरोबर शून्यावर आला. परत भिंतीवर लावला, पुन्हा दीड जास्त. नवा लावला, तोही तसाच. आत अंधार, संत्र्यांचा आंबूस वास, पंख्यांची घरघर.

ऑपरेटर हेमराज दारातच थांबला होता. "इथंच गेला वीरेंद्र," तो म्हणाला.

मग हळूहळू सांगितलं. सेन्सर चालू आहे का हे पाहायला इथली माणसं तो मुठीत धरतात. बाहेर पडद्यावर आकडा चढतो. गेल्या हिवाळ्यात बाहेरून दार लागलं, इथं कामाला असलेला वीरेंद्र आत अडकला. हाका पंख्यांत विरल्या, तेव्हा त्यानं सेन्सर मुठीत धरला. आकडा चढला. पाहणाऱ्याला वाटलं, सेन्सर बिघडला. मशीनला वाटलं, खोली तापली. ती न थांबता गार करत राहिली.

"पाहणारा मीच होतो, भाऊ..."

मालकानं दीड वजा करायला सांगितलं होतं. जास्तीच्या गारव्यानं संत्र्यांच्या साली काळवंडत होत्या. ते ऐकून संत्री निवडणाऱ्या बायांतून वीरेंद्रची आई, देवकाबाई, उठून आल्या.

"तो अजून बोलावून राहिला, भाऊ. तवा कोणी आइकलं नाही. तुमी तरी... तो आकडा पुसू नका."

तरी मी दीड वजा केलं. आकडा इतर खोल्यांसारखा झाला, पण थोड्याच वेळात त्यांच्यापेक्षाही दीड खाली उतरला. वजा करायला आता तिथं काही उरलंच नव्हतं. दुरुस्ती काढून टाकली. आकडा अचूक आला.

देवकाबाईंनी आत जाऊन सेन्सरला बोट लावलं आणि हात पदरात घेतला. "गार पडला," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी सौंसरला घरी माझा स्वतःचा, कधी न चुकलेला तापमापक बर्फात घातला. दीड. बर्फ बदलला. दीडच.

तापमापक वर काढून थर्मासमध्ये डोकावलो. त्याच्या बारीक नळीनं बर्फात पडणारं भोक पेन्सिलीएवढं असतं. तिथं मुठीएवढी पोकळी होती. एका बाजूला चार बोटांचे खोलगट ठसे, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा.

तेव्हापासून त्या थर्मासचं झाकण माझ्याच्यानं लावलं जात नाही.