गाऊनची मागची बाजू

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस थापा मारणारा नाही. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तो उठून चहा टाकायला जायचा.

आता जात नाही.

तो फोटोग्राफर. जुन्या सिनेमातल्या नायिकांसारखे काळे-पांढरे फोटो काढून देण्याचा त्याचा धंदा. दिवे आणि कॅमेरा त्याचा. कपडे, दागिने, हातमोजे, केसांची वळणं, हे सगळं बायको बघायची. जुने कपडे हुडकून आणायची, उसवलेलं शिवायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली.

एकुलती एक लेक एकदाही रडली नाही. जेवण सुटलं, झोप उडाली. बापाला तिची धास्ती वाटायची. म्हणून एके दिवशी ती "बाबा, आईचं काम मी करते" म्हणाली, तेव्हा त्याने बंद ठेवलेला स्टुडिओ लगेच उघडला.

रविवारची दुपार होती. सराव म्हणून लेकीचेच फोटो काढायचे ठरले.

तिने कपाटातून काळा साटीनचा गाऊन काढला. बायकोने तो कुठल्याशा रिकाम्या होणाऱ्या घरातून आणला होता. पण कधी कुणाला घातला नव्हता.

का, ते त्याने कधी विचारलं नाही.

गाऊन लेकीला ढगळ होत होता. असे कपडे मागून कापड ओढून चिमट्यांनी आवळतात. फोटोत पुढची बाजूच दिसते. पण तिचे हात पाठीमागे पोचेनात.

"राहू दे, आधी उजेड बघू," तो म्हणाला. दिवा उंच चढवला. नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडली. "हनुवटी वर. नाही, खाली."

"नक्की एक सांग. माझी मान म्हणजे हातपंप आहे का?"

"आणि चेहरा जरा सोड. नायिका आहेस, दात उपटून घ्यायला आलेली नाहीस."

कितीतरी दिवसांनी ती हसली.

केस उडू नयेत म्हणून त्याने पंखा बंद केला. खोली एकदम गप्प झाली. रस्त्यावरचा आवाजही येईना...

टक्.

दिवा तापला असेल, असं त्याला वाटलं.

"हां, आता बरं बसलं," लेक म्हणाली. "कंबरेत फारच सैल होतं."

त्याने कॅमेऱ्यावरून मान वर केली.

"काय बसलं?"

"तू आत्ता चिमटा लावलास ना?"

तो तिच्यासमोर उभा होता. हात कॅमेऱ्यावर. तिच्या मागे फक्त राखाडी पडदा...

टक्.

या वेळी त्याने डोळ्यांनी पाहिलं. खांद्याजवळचं साटीन सरकून नीट बसलं. मागून कुणीतरी ओढल्यासारखं.

त्याला भीती वाटली नाही. डोळे भरून आले.

"आलीस?" तो हळूच म्हणाला.

टक्... टक्...

"बाबा, जरा घट्ट होतंय."

टक्.

"बाबा... श्वास..."

तो धावला. तिच्या पाठीमागे हात घातला.

तिथे एकही चिमटा नव्हता.

चिमट्यांचा डबा टेबलावर बंद होता. पण कापड तिच्या कण्यावर गोळा झालं होतं, मुठीत धरल्यासारखं. त्याने बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

तिथेच त्याला आठवलं.

त्याची बायको चिमटा लावायच्या आधी कापडाखाली स्वतःचं बोट ठेवायची. कायम. "फोटो सुंदर आणि बाई गुदमरलेली, असलं काम मला नको," म्हणायची.

ही ती नव्हती.

"सोड तिला!" तो ओरडला.

कापड सैल पडलं. अगदी सावकाश... घाई नसल्यासारखं.

लेक खाली बसली. धापा टाकत होती. मग तिने वर पाहिलं. डोळे चमकत होते.

"बाबा, आई होती ना?"

त्याने टेबलावरच्या बंद डब्याकडे पाहिलं.

"सांग ना. आईच होती ना?"

आणि ती रडायला लागली. इतक्या महिन्यांचं साचलेलं, ढसाढसा.

त्याने तिला जवळ घेतलं.

"हो," तो म्हणाला. "आईच."

आता लेक पोटभर जेवते. झोपते. शेजारीपाजारी म्हणतात, पोरगी माणसात आली.

गाऊन त्याने दोनदा लांब नेऊन टाकला. दोन्ही वेळा तिने शोधून आणला. "आईचा आहे, टाकतोस कसा?" म्हणाली. रोज दुपारी तो घालून ती स्टुडिओत बसते. आतून कडी लावून.

खरं सांगावं, तर तिची आई दुसऱ्यांदा जाते. न सांगावं, तर...

परवा तो दाराला कान लावून उभा होता. आत लेक बोलत होती. लाडात, हसत. मग गप्प झाली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

त्याला काहीच ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बरं."

कशाला बरं म्हणाली, ते ती सांगत नाही.